चवळी, मुंगळे आणि काजळी : सातव्या आठवड्याची नोंद

ठाण्यातल्या घोडबंदर रस्त्यावरील आमच्या बाल्कनीत जूनमध्ये दोन कुंड्यांत लावलेल्या चवळीला सात आठवडे झाले असून दोन्ही वेलांना शेंगा धरल्या आहेत.

मागच्या नोंदीत, मुंगळे माव्यासाठी, म्हणजे झाडाचा रस शोषणाऱ्या बारीक किडींसाठी, येतात असे मी लिहिले होते, ते दुरुस्त करावे लागेल. मावा पडण्याच्या आधीपासूनच त्यांची ये-जा सुरू होती आणि भिंगातून पाहिल्यावर कारण कळले. फुलोऱ्याच्या दांड्यावर फुलांच्या जोडीच्या मधोमध फुगीर उंचवटे असतात, त्यांतून गोड रस पाझरतो आणि फूल गळून शेंग लांबू लागली तरी मुंगळे तेथे तोंड लावून बसलेले दिसतात. या मधुग्रंथींचा परागीभवनाशी संबंध नाही. हा सरळसरळ पहारेकऱ्याचा पगार आहे. पेन्सिलीचे टोक शेंगेजवळ नेले की मुंगळा रस सोडून जबडे उघडून उभा राहतो.

पाचव्या आठवड्यात कोवळ्या शेंड्यांवर मावा आला आणि हिशोब बिघडला. मुंगळा मिशांनी माव्याच्या पाठीवर थापट्या मारतो, मावा मागच्या टोकाने चिकट गोड थेंब सोडतो आणि त्या बदल्यात माव्यालाही पहारा मिळतो. खालच्या पानांवर सांडलेल्या थेंबांवर काळी बुरशी धरते. ही काजळी पानात शिरत नाही, पण त्याचा प्रकाश अडवते. मध्य व दक्षिण अमेरिकेतल्या पाने कापणाऱ्या मुंग्या बुरशीची शेती करतात, हे इंग्रज निसर्ग-अभ्यासक थॉमस बेल्ट यांनी 1874 मध्ये मांडले. आपल्याकडे तो मान वाळवीचा, म्हणून तर जवळच्या येऊरच्या जंगलातल्या वारुळांवर पावसात अळंबी उगवते. माझ्या बाल्कनीतली बुरशी मात्र कोणीही न पेरलेली.

मुंगळ्यांना वर चढता येऊ नये म्हणून दुसऱ्या कुंडीतल्या वेलाच्या बुंध्याला आणि आधाराच्या काठीला पेट्रोलियम जेलीचे कडे दिले होते. चार दिवसांनी तिथेही मुंगळे दिसले, कारण वाऱ्याने एक फांदी ग्रिलला टेकली होती आणि तो पूल माझ्या लक्षातच आला नव्हता. फांदी छाटल्यावर आठवडाभरात मावा खाणाऱ्या ढालकिड्याच्या अळ्या आल्या व मावा बराच कमी झाला; मात्र त्याच वेलाच्या तीन शेंगा अळीने पोखरल्या, पहाऱ्यातल्या वेलाची एकही नाही. दोन कुंड्यांवरून नियम काढणे धाडसाचे ठरेल, म्हणून रविवारी कड्याची अदलाबदल करणार आहे.