तिएरच्या नदीकाठी चाकू : आमची वाटचाल

फ्रान्समधल्या तिएरला ना लोखंडाची खाण, ना सहाणेचा दगड. दोन्ही बाहेरून यायचं. गावाचं स्वतःचं म्हणून होती ती द्युरोल नदी. तिच्या उतारावरच्या पाणचक्क्यांवर गावानं शतकानुशतकं चाकू घडवले. धार लावणारे फिरत्या सहाणेवर फळी टाकून पालथे पडून काम करत. हिवाळ्यात उबेसाठी पायांवर कुत्रा झोपवत.

अख्खा चाकू एका हातानं होत नसे. एका घरी पातं, दुसरीकडे धार, तिसरीकडे मूठ. आम्हीही तसेच, मिटवायच्या चाकवांची जुळणी करणारे. पात्यांना पाणी द्यायला, म्हणजे तापवून-निववून कडक करायला, बाहेर पाठवायचो, तिथंच गळ्याशी आलं. १२सी२७ हे पात्याचं न गंजणारं पोलाद सुमारे १०५० ते १०८० अंश सेल्सिअसवर तापवून झटकन निववावं लागतं, मग १८० अंशांवर दोन तास. भट्टीचं मापक चुकलं, उष्णता कमी पडली. कडकपणा रॉकवेल मापानं ५७ हवा तिथं ५३ भरला. कानस पात्यावरून घसरायला हवी, ती रुतली. तोवर ४०० चाकू रिव्हेट ठोकून तयार! चूक भट्टीवाल्यांची, पण आधी पाच पाती कानशीनं तपासली असती तर नुकसान तिथंच थांबलं असतं. तुम्ही तरी तपासा.

ल्यों शहरातल्या एका खानावळीच्या मालकांनी मात्र ऑर्डर मोडली नाही. वर अर्धे पैसे आगाऊ दिले. त्यांच्या टेबलांवर आजही आमचेच चाकू आहेत.

त्याच वर्षी एका शेजाऱ्यानं परदेशातून तयार पाती आणली, इथं नुसती मूठ चढवली, कमानीवर (मुठीच्या पाठीवरच्या पोलादी पट्टीवर) माशी कोरली आणि ‘लायोल’ म्हणून विकली. लायोल हे फ्रान्समधल्या दुसऱ्या एका गावाचं आणि तिथल्या नावाजलेल्या चाकूचं नाव, पण तेव्हा ते कुणीही वापरावं अशी मोकळीक होती. अस्सल तिएरची जुळणी मागं पडली ती अशी. हा राग अजून गेलेला नाही.

पुढची वर्षं बरी गेली.

जुळणीत खरी कसोटी कमानीची. मिटवलेल्या पात्याची धार कमानीला टेकली की बोथट होते. अर्धा मिलिमीटर फट हवीच. कमानीच्या आतल्या कडेला मार्करची शाई लावा, चाकू मिटवून उघडा. शाई खरवडली असेल तर पात्याच्या बुडाशी कमानीवर टेकणारा भाग जास्त घासला गेलाय. ते पातं बदलायचं, धार कापून भागवायचं नाही. धार लावताना पातं निळं पडलं तर पाणी उतरलं समजा. आणि चाकू मिटवताना पातं खटकन सोडू नका, बोटांनी धरून शेवटपर्यंत न्या. लाकडी मुठीचा चाकू डिशवॉशरमध्ये तर घालूच नका.