पाठिंबा मिळाला, उमेदवारी नाही

२१ जुलै २०२४, रविवार. डाक आवृत्ती छपाईला गेली होती, शहर आवृत्तीचं पहिलं पान लागत होतं. सव्वाअकराच्या सुमारास जो बायडेन यांचं पत्र आलं : आपण अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीतून माघार घेतोय. अर्ध्या तासात त्यांनी कमला हॅरिस यांना पाठिंबाही दिला आणि आमच्या डेस्कवर मथळा तयार झाला, ‘बायडेन यांच्या जागी कमला हॅरिस’.

परदेशी बातम्या मी बघते. मी मथळा अडवला.

“अहो मॅडम, होणार तर त्याच ना?” वृत्तसंपादक घड्याळाकडे बघत म्हणाले.

“होतीलही सर. पण आज झालेल्या नाहीत.”

प्रायमरीमध्ये, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठी राज्याराज्यांत होणाऱ्या मतदानात, एक कोटीहून जास्त लोकांनी बायडेन यांना मतं दिली होती, त्यातून डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार निवडणारे त्यांचे सुमारे ३,९०० प्रतिनिधी ठरले होते. ते प्रतिनिधी सातबारा फिरवावा तसे दुसऱ्याच्या नावावर करता येत नाहीत. नेता बाजूला झाला की ते मोकळे. दुसरं कुणी उभं राहिलं आणि पहिल्या फेरीत बहुमत झालं नाही, तर पुढच्या फेरीत पक्षाचे खासदार, गव्हर्नर, पदाधिकारीही मत देणार. १९६८मध्ये ह्यूबर्ट हम्फ्री एकही प्रायमरी न लढता उमेदवार झाले, त्यावर शिकागोत पक्षाच्या अधिवेशनाच्या वेळी रान पेटलं आणि मगच मतदारांच्या हाती खरी सत्ता आली. इतक्या कष्टानं मिळालेली गोष्ट आपण एका मथळ्यात पुसायची?

सरांनी मथळा बदलला आणि मला एक चौकट दिली. तीत मी १९२४चं न्यूयॉर्कमधलं अधिवेशन घातलं. डेमोक्रॅटिक पक्षात तेव्हा दोन तृतीयांश मतं लागायची. इच्छुकांपैकी मॅकॅडू यांच्यामागे दारूबंदीवाले आणि कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी संघटनेचे लोक, तर दुसरे इच्छुक अल स्मिथ कॅथलिक आणि दारूबंदीच्या विरोधात. कुणीच हटेना. शेवटी १०३व्या फेरीत तिसरेच जॉन डेव्हिस निवडले गेले. १९५२चे डेमोक्रॅटिक उमेदवार स्टीव्हन्सन यांचा परिच्छेद जागेअभावी गेला. त्यांच्यानंतर दोन्ही मोठ्या पक्षांत अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवायला एकापेक्षा जास्त फेऱ्या लागलेल्या नाहीत, म्हणून तो हवा होता.

दुसऱ्या दिवशी साताऱ्याहून एका वाचकाचा फोन आला. “१०३ फेऱ्या? किती दिवस चाललं हो हे?”

“२४ जून ते ९ जुलै.”

“आणि नोव्हेंबरात, निवडणुकीत?”

“रिपब्लिकन पक्षाच्या कूलिज यांनी डेव्हिसना सपाटून हरवलं.”