एकोणीस ओळी

आवाज आधी आईला ऐकू आला. मागच्या सीटवर मांडीत नारळांची पिशवी घेऊन बसली होती. चौके गावाच्या अलीकडे रस्ता जिथे बारमाही उखडलेला असतो तिथे ती म्हणाली, "रे, खाली काय तरी वाजता." मी म्हटलं, तुझे नारळ वाजतायत. "नारळ असे नाय वाजणत," ती म्हणाली. सत्तर वर्षं नारळ कानाशी हलवून घेतलेल्या बाईशी या विषयावर वाद घालण्यात अर्थ नव्हता.

गाडी २०१३ सालची. पेट्रोल, पांढरी, दोन वर्षांपूर्वी दोन लाख दहा हजारांना घेतलेली. नंबर एमएच ०८, म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातला. मालक बदलला तरी राज्यातल्या राज्यात नंबर बदलत नाही, त्यामुळे आमच्या ०७च्या, सिंधुदुर्गाच्या मुलखात ती सासरी येऊन माहेरचंच आडनाव लावणाऱ्या सुनेसारखी उठून दिसते. घेतली तेव्हा बघायला आलेल्या प्रत्येकाने पहिला प्रश्न एकच केला: "चिपळूणची नाय मां? पुरातली?" २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हापासून ०८ नंबरच्या जुन्या गाडीकडे लोक अशाच नजरेने बघतात. मीही बघितलं होतं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून चिखलाची रेघ शोधली होती, कारण सीट धुता येते, कार्पेट बदलता येतं, पण गुंडाळलेल्या पट्ट्याचं आतलं टोक धुवायचं सहसा कुणाला सुचत नाही. गाडी राजापूरची निघाली. पट्टा स्वच्छ होता. एवढी हुशारी दाखवल्यावर आपल्याला गाडीतलं कळतं असं मला वाटू लागलं होतं.

आवाज वाढला. खड्ड्यात खडखड, गतिरोधकावर खुट्ट, आणि वळणावर कधी कधी कण्हल्यासारखं काहीतरी. शेवटी एका शनिवारी सुट्टी होती म्हणून गाडी हायवेवरच्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेली. जुनी गाडी घेतलेल्या माणसाच्या मनात एक अपराधी भावना असते. आपण नवी घेतली नाही, निदान दवाखाना तरी चांगला दाखवावा, अशातली.

तिथे एसी होता, यंत्रातली कॉफी होती, आणि काचेपलीकडे आपली गाडी हवेत टांगलेली दिसत होती. आपलं माणूस ऑपरेशन टेबलावर बघावं तसं वाटतं ते. खालून ती इतकी गंजलेली असेल असं मला वाटलं नव्हतं. दोन तासांनी एक अतिशय नम्र मुलगा हातात टॅब घेऊन आला आणि शेजारी बसून वाचू लागला. सर, पुढचे दोन्ही शॉकअप. सर, लोअर आर्म असेंब्ली, दोन्ही बाजू. स्टेअरिंग असेंब्ली. क्लच सेट. सायलेन्सर असेंब्ली. मग थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, इंजेक्टर क्लीनिंग, इंजिन डीकार्ब, एसी डिसइन्फेक्शन, अँटी-रस्ट कोटिंग.

आमच्याकडे जत्रेत, होळीत, कुठल्याही बऱ्या-वाईटाच्या आधी देवाला गाऱ्हाणं घालतात. एक जण मोठ्याने म्हणत जातो, बाकीचे मान खाली घालून प्रत्येक ओळीनंतर "व्हय म्हाराजा" म्हणतात. काय मागितलं जातंय हे त्या लयीत कुणी नीट ऐकत नाही. माझं तेच झालं. तो वाचत होता आणि मी दर ओळीला मान हलवत होतो. स्टेअरिंग असेंब्ली १६,४००. व्हय म्हाराजा. सायलेन्सर ७,८००. व्हय म्हाराजा. एकोणीस ओळी झाल्या आणि खाली आकडा आला ६१,८४०.

मान तिथे थांबली.

"सर, आता तर जीएसटी पण कमी झालाय," तो समजूत घालत म्हणाला. खोटं नव्हतं ते. २२ सप्टेंबर २०२५पासून गाडीचे जे सुटे भाग २८ टक्क्यांत होते तेही १८वर आले. म्हणजे हेच गाऱ्हाणं आदल्या वर्षी घातलं असतं तर आणखी महागात पडलं असतं. दुःखात अशी सवलत मिळाली की माणूस आभार मानावेत की काय या विचारात पडतो.

मी विचारलं, यातलं काय वाजतंय? तो टॅबकडे बघत राहिला. "सर, सगळंच थोडं थोडं." मग मी विचारलं, यातलं आज नाही केलं तर काय होईल? त्यावर त्याने जे उत्तर दिलं ते मी अजून मनात घोळवतोय: "सर, आम्ही फक्त रेकमेंड करू शकतो." तपासणीचे ५०० आणि त्यावरचे ९० रुपये जीएसटी भरून, कागदाची घडी खिशात घालून मी निघालो. नाही म्हणताना मला लाज वाटली हे कबूल करतो. कॉफी प्यायलो होतो ना त्यांची.

येताना धामापूरला थांबलो. तसं कारण नव्हतं, पण भगवतीच्या देवळाच्या पायऱ्यांवर बसून तळ्याकडे बघितलं की आकडे जरा लहान होतात. हा तलाव १५३०चा. अजून शेताला पाणी देतो, आणि २०२०मध्ये जागतिक वारसा सिंचन स्थळांच्या यादीत त्याचं नाव लागलं. पाचशे वर्षांत बांध कितीदा खचला असेल, कितीदा पाझरला असेल. कुणीतरी दर वेळी पाझरलं तेवढंच बुजवलं असणार. बांध असेंब्ली बदला असं कुणी सांगितलं असतं तर आज तिथे तळं नसतं, एस्टिमेट असतं.

हा 'असेंब्ली' शब्द माझ्या डोक्यात बसला तो तिथे. आमचं घर नळ्यांचं, म्हणजे गावठी कौलांचं. दर वर्षी मे महिन्यात नळे परतायचे, फुटलेले बाजूला काढायचे, तेवढेच नवे घालायचे. वाळवी लागलेला वासा बदलायचा, शेजारच्या वाशाला बोटाने टकटक करून बघायचं, बद्द वाजला तर तोही. माझ्या आजोबांपासून आजवर आमच्या घराचं छप्पर बदललेलं नाही आणि आजोबांच्या वेळचा एकही नळा आता छपरावर नसावा. या पद्धतीत एक कटकट आहे: दर वर्षी कुणीतरी वर चढावं लागतं, आणि कुठला नळा फुटलाय ते डोळ्यांनी बघावं लागतं. असेंब्लीत ती कटकट नाही. चाकाला खालून धरणाऱ्या लोअर आर्मच्या टोकाला अंगठ्याएवढा रबरी बुश असतो, तो झिजतो. लोखंडी आर्म शाबूत असतो. पण बुश दाबून काढायचा, नवा दाबून बसवायचा, तो तिरका बसला तर पुन्हा गिऱ्हाईक दारात, यापेक्षा अख्खा आर्म बदलणं कंपनीला सोपं. काम लवकर होतं, वॉरंटी देता येते. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. फरक एवढाच की त्या सोपेपणाचे पैसे मी देणार होतो.

सोमवारी संध्याकाळी गाडी मेस्त्रींकडे नेली. तीसेक वर्षं मुंबईत गॅरेजात काढून गावी परतलेला माणूस. गॅरेज म्हणजे फणसाखाली पत्र्याची शेड. मी कागद दिला. त्यांनी चष्मा लावून एकोणीसच्या एकोणीस ओळी वाचल्या, कागद उलटा करून मागची कोरी बाजूही बघितली आणि म्हणाले, "झिला, हेतूर इतक्या लिवल्यान हा. पण आवाज खंयसून येता ता खंय लिवल्यान हा?"

मग त्यांनी पुढचं चाक जॅकवर घेतलं. चाक दोन्ही हातांनी डावी-उजवीकडे धरलं, घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी, आणि हलवलं. कुटकुट. "माझो हात धर." मी धरला, कुटकुट बोटापर्यंत आली. "ह्यो रॅक एंड." म्हणजे स्टेअरिंगकडून चाकाकडे येणाऱ्या दांड्याचं टोक. मग वर-खाली, बारा आणि सहाच्या जागी. तिथे चाक हललं नाही. "बॉल जॉइंट बरो, बेअरिंग बरा." मग पहार घालून लोअर आर्म उचकला, बुश फाटलेला दिसला. लिंक रॉड हाताने हलवला तर लहान मुलाच्या पडायला आलेल्या दातासारखा हलला. तिथेच, एवढ्याचसाठी, ते खुट्ट होतं. दहा मिनिटं लागली असतील. स्टेअरिंगची अख्खी असेंब्ली त्या एका टोकापायी यादीत आली होती.

क्लचबद्दल विचारलं. "तो गेलो की तुका तोच सांगतलो. चढणीर." सायलेन्सर? तो मात्र खरंच गंजला होता. त्याचं कारण त्यांनी सांगितलं ते मला माहीत नव्हतं. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ होते, ती सायलेन्सरात थंड होऊन साठते. लांब गेलं की तापून उडून जाते. माझं घर ते बँक तीन किलोमीटर, गाडी तापायच्या आतच बंद. म्हणजे आतून हे पाणी आणि बाहेरून समुद्राची खार. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यामुळे पाऊस नसला तरी गाडीचं पोट ओलंच. "आणखी दोन पावस काढतलो," मेस्त्री म्हणाले, "पण आयतवारी हेका कुडाळापर्यंत फिरवन हाड." बायकोला फिरवून आण असं मला आजवर कुणी इतक्या गंभीरपणे बजावलेलं नाही.

एका ओळीवर ते कंपनीच्या बाजूने होते. डावा शॉकअप तेल गाळत होता, तो बदलावा लागणारच. फक्त आज नाही, मे महिन्यात, आणि दोन्ही एकदम.

मी खुशीत होतो. ६१ हजारांचं गाऱ्हाणं पाच-सहा हजारांत आटोपणार होतं. तेवढ्यात मेस्त्री मागच्या चाकाशी आडवे झाले, बॅटरी मागितली, आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हंय ये. झोप."

मी झोपलो. मागच्या ब्रेकला जाणारी लोखंडी नळी, पेन्सिलीपेक्षा बारीक. एका क्लिपखाली तिला गंजाचे पापुद्रे सुटले होते. त्यांनी नखाने खरवडलं तर पापुद्रा निघाला आणि खाली ओलसर काळं दिसलं. ब्रेक ऑइल.

"ह्यो बघ. ह्यो कागदार खंय हा?"

मी पडल्यापडल्याच कागद उघडला. एसी डिसइन्फेक्शन होतं. थ्रॉटल बॉडी होती. कन्झ्युमेबल्स म्हणून ४८० रुपये होते. ब्रेकची नळी नव्हती.

"आवाज करता ता माणसाक मारणा नाय," ते उठता उठता म्हणाले. "गप रवता ता मारता." आणि गाडी तिथेच ठेवून रिक्षाने घरी जायला सांगितलं.

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. आठवडाभर मी खडखडीमागे होतो. त्याच दिवसांत आईला घेऊन ओझरच्या उतारावरून आलो होतो. माझ्या मनातला राग मग कुणावर काढावा हेही कळेना. त्या नम्र मुलावर? तो गाडीखाली गेलाच नव्हता, त्याच्याकडे यादी आली, त्याने वाचली. खाली गेलेल्यावर? किलोमीटर बघून काय काय सुचवायचं याचा एक छापील साचा असणार, त्या साच्यात समुद्र नसणार. समुद्रापासून दीड किलोमीटरवर राहणारी गाडी आणि साताऱ्यातली गाडी यांची यादी एकच कशी असेल? पण मग मीही तेच केलं होतं. पट्ट्यात चिखल शोधला, पोटाखाली मीठ शोधलं नाही.

सामान कोल्हापूरहून एसटीच्या पार्सलने तिसऱ्या दिवशी आलं. लिंक रॉड दोन, १,३००. बुश, १,२००. रॅक एंड, ६५०. ब्रेकची नळी ऑइलसकट, १,६००. मजुरी २,०००. एकूण ६,७५०, वहीच्या पानावर, पाच ओळींत. अलाइनमेंटचं यंत्र मेस्त्रींकडे नाही, त्याचे ५०० रुपये कुडाळात वेगळे. मजुरी मला कमी वाटली म्हणून मी आणखी पाचशे पुढे केले, तर त्यांनी हात मागे घेतला आणि म्हणाले, शॉकअप बदलताना दी.

सर्व्हिस सेंटरचे फोन अजून येतात. दर महिन्याला एक मुलगी सांगते, "सर, तुमचे अठरा जॉब पेंडिंग आहेत." एकोणीसचे अठरा कसे झाले ते मी विचारलेलं नाही. एक जॉब आपोआप बरा झाला असेल.

आता दर रविवारी मी गाडी कुडाळपर्यंत फिरवून आणतो. आल्यावर ती थंड झाली की खळ्याच्या कडेला, दोन चिऱ्यांवर पुढची चाकं चढवून, पाइप लावून खालून धुतो. विहिरीच्या पाण्याने, आमची विहीर गोडी आहे म्हणून बरं. आडवा होऊन, एका कुशीवर, चाकाच्या आतली माती बोटांनी काढत, नळीच्या क्लिपा एकेक चाचपत. पाऊण तास जातो. परवा आई पडवीत सुपारी कातरत बसली होती. बराच वेळ बघत राहिली आणि मग म्हणाली, "म्हशीक कधी इतक्या मायेन धुतलंस नाय."