हिरवी ज्योत

दांडिया बाजारात आमच्या अण्णांचे फ्रिजदुरुस्तीचे दुकान होते आणि त्या दुकानात एक पितळी टॉर्च होती. खाली गॅसची छोटी टाकी, वर तांब्याची चकती आणि बाजूने लोंबणारी लांब रबरी नळी. फ्रिजचा गॅस कुठून निसटतो आहे हे शोधायचे असले, की अण्णा ती पेटवत, चकती लालबुंद होऊ देत आणि नळीचे टोक एकेका सांध्याजवळून सावकाश फिरवत. फिकट निळी ज्योत एखाद्या सांध्यापाशी एकाएकी हिरवी झाली, की गळती सापडली. त्या वेळी दुकानाचे दार सताड उघडे ठेवण्याचा त्यांचा दंडक होता, कारण त्या ज्योतीचा धूर विषारी असतो. गॅसमधला क्लोरीन तापलेल्या तांब्याच्या सहवासात आला की ज्योत हिरवी होते, हे रसायनशास्त्र मी पुढे शिकले आणि शाळेत शिकवलेही. पण क्लोरीन म्हटले की आजही मला पुस्तकातले समीकरण आठवत नाही, तो हिरवा रंग आठवतो.

गेल्या मे महिन्यात वडोदऱ्याचा पारा 42 अंशांच्या पुढे गेलेला असताना आमच्या घरचा जुना एसी काढून नवा बसवण्याचे काम चालू होते. इंजिनिअरिंगला असलेला माझा भाचा कारीगराच्या मदतीला गच्चीवर उभा होता. ओझोनचा विषय निघाला तेव्हा तो म्हणाला, "मावशी, एक ज्वालामुखी फुटला की जगातल्या सगळ्या फ्रिजपेक्षा जास्त क्लोरीन हवेत जातो. माणसाला उगाच दोष देतात. आणि माणसाने केलेच असेल, तर ते अमेरिकेने आणि युरोपने केले. त्याचा हिशेब आपण कशाला द्यायचा?" मुलगा अभ्यासू आहे आणि त्याचे दोन्ही प्रश्न टाळण्यासारखे नाहीत, म्हणून त्या दिवशी उन्हात जे नीट सांगता आले नाही ते इथे सविस्तर लिहीत आहे.

ज्वालामुखीतून हायड्रोजन क्लोराइड मोठ्या प्रमाणावर बाहेर पडते, हे खरे आहे. परंतु ते पाण्यात चटकन विरघळते, आणि उद्रेकाबरोबर उसळणारी वाफ व नंतरचा पाऊस त्यातले बहुतेक खालच्या खाली धुऊन काढतात. समुद्राच्या मिठातला क्लोरीनही याच कारणाने वर पोहोचत नाही. अण्णांच्या सिलिंडरमधला आर-12 हा फ्रिजचा गॅस मात्र पाण्यात विरघळत नाही, जळत नाही, कशाशी संयोग पावत नाही आणि हवेत सुमारे शंभर वर्षे टिकतो. ज्या गुणांसाठी त्याला घराघरांत जागा मिळाली, त्याच गुणांमुळे तो स्थितांबरापर्यंत, म्हणजे ओझोन असलेल्या हवेच्या वरच्या थरापर्यंत चढतो. तिथे सूर्याची तीव्र अतिनील किरणे त्याचा क्लोरीन सुटा करतात, आणि असा एक अणू निष्प्रभ होण्यापूर्वी ओझोनचे हजारो रेणू मोडू शकतो. हा सगळा ओझोन भूपृष्ठावरच्या तापमानाला आणि दाबाला आणला, तर त्याचा थर जेमतेम 3 मिलिमीटर भरेल. एवढ्याशा आवरणाखाली आपण सारे राहतो, हे वर्गात सांगताना माझा आवाज दरवेळी थोडा बदलतो.

याहून नेमका पुरावा फ्लोरिनचा आहे, कारण आर-12 सारख्या वायूंत, म्हणजे क्लोरोफ्लुरोकार्बनमध्ये, क्लोरीनबरोबर फ्लोरिनही असतो. 1991 मध्ये सोडलेल्या एका उपग्रहाने स्थितांबरातील हायड्रोजन क्लोराइडबरोबर हायड्रोजन फ्लोराइडही मोजले. दोन्हींची वाढ आपण हवेत सोडलेल्या क्लोरोफ्लुरोकार्बनच्या हिशेबाशी जुळली. त्याच वर्षी फिलिपिन्समधला पिनाटुबो फुटला आणि ओझोन खरोखरच घटला, हेही लपवण्याचे कारण नाही. पण तो घटला त्या उद्रेकातून तयार झालेल्या गंधकाच्या सूक्ष्म थेंबांमुळे, ज्यांच्या पृष्ठभागावर आधीच वर साठलेला आपला क्लोरीन अधिक सक्रिय झाला. अंटार्क्टिकावर हेच काम उणे 78 अंशांखाली तयार होणारे ढग करतात आणि सप्टेंबरमध्ये सूर्य परतला की नाश सुरू होतो. म्हणून गॅस सुटतो वडोदऱ्यात किंवा शिकागोत, आणि भोक पडते दक्षिण ध्रुवावर.

दुसरा प्रश्न मला अधिक कठीण वाटतो. दोष कुणाचा हे ठरवताना मी एक तारीख मध्ये ठेवते: जून 1974. त्या महिन्यात मारिओ मोलिना आणि शेरवुड रोलंड या रसायनशास्त्रज्ञांचा निबंध प्रसिद्ध झाला आणि हा वायू वर जाऊन काय करेल हे जगासमोर आले. त्याआधीच्या लोकांना मी दोषी धरत नाही. 1928 मध्ये थॉमस मिजली यांनी हा वायू शोधला तेव्हा फ्रिजमध्ये अमोनिया आणि सल्फर डायऑक्साइड वापरले जात होते आणि गळतीने माणसे दगावत होती. त्यांनी नवा वायू छातीत भरून घेऊन फुंकरीने मेणबत्ती विझवून दाखवली ती तो निरुपद्रवी आहे या प्रामाणिक समजुतीने. पण 1974 नंतर हे अज्ञान उरले नव्हते. त्यानंतर 1985 मध्ये जोसेफ फार्मन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी हॅली बे येथील मोजणीतून अंटार्क्टिकावरची प्रचंड घट दाखवून देईपर्यंत अकरा वर्षे गेली आणि सर्वांत मोठ्या उत्पादक कंपनीने, ड्यूपाँने, उत्पादन थांबवण्याचे जाहीर केले ते 1988 मध्ये. ही मधली वर्षे अक्षम्य आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

या बाबतीत भाच्याचे अर्धे म्हणणे न्याय्यच आहे. ओझोन वाचवण्यासाठी झालेल्या 16 सप्टेंबर 1987 च्या माँट्रियल करारानेही ते मान्य केले: ज्या विकसनशील देशांचा या वायूंचा वापर दरडोई 0.3 किलोपेक्षा कमी होता त्यांना दहा वर्षांची सवलत मिळाली. भारताने तेवढ्यावर समाधान मानले नाही. पैसा आणि तंत्रज्ञान कोण देणार, हा प्रश्न 1990 मध्ये लंडनच्या बैठकीत धसास लागला, बहुपक्षीय निधी उभा राहिला आणि 1992 मध्ये आपण करारात सामील झालो. ही भूमिका मला रास्त वाटते. परंतु ओझोनच्या विषयात आपण केवळ बघे होतो, असे मात्र नाही. इथून शंभरेक किलोमीटरवर अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचे पहिले संचालक के. आर. रामनाथन यांनी आयुष्यातली कित्येक वर्षे ओझोनच्या मोजणीला दिली होती. ज्या देशात इतक्या आधीपासून या थराचे मोजमाप चालू होते, त्याने "आम्हांला काय त्याचे" म्हणणे शोभत नाही.

आणि जबाबदारी देशांपाशी येऊन थांबत नाही, ती माझ्या घरापर्यंत येते. फ्रिजचा कॉम्प्रेसर बदलायचा असला की अण्णा आधी चार्जिंगची नळी पकडीने कापत. फस्स असा लांब आवाज होई, तेलाचा वास दरवळे आणि शंभर-सव्वाशे ग्रॅम आर-12 दुकानाच्या दारातून निघून जाई. अशी किती वर्षे गेली! कॉलेजात ओझोनबद्दल शिकल्यावर मी एका रात्री जेवताना त्यांना हे सगळे सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुकान उघडताना त्यांनी विचारले, "बरं, नाही सोडला हवेत. पण ठेवायचा कशात?" त्या काळी फ्रिजमधला गॅस परत भरून घेण्याचे यंत्र आमच्या बाजारात कुणाकडे नव्हते आणि त्यासाठीचे वेगळे सिलिंडरही नव्हते. माझ्यापाशी उत्तर नव्हते.

माँट्रियल करार यशस्वी झाला तो बहुतेक ठिकाणी या प्रश्नाचे उत्तर दिल्यामुळे, असे मला वाटते. कारखान्यांना पर्यायी वायू मिळाला, तो वापरण्यासाठी पैसा मिळाला आणि आपल्याकडे 2008 मध्ये क्लोरोफ्लुरोकार्बनचे उत्पादन ठरल्या वेळेच्या आधीच थांबले. हवेची मोजणी चालू राहिल्यामुळे चोरीही उघडी पडली: बंदी असलेला सीएफसी-11 हा क्लोरोफ्लुरोकार्बन पुन्हा वाढत असल्याचे 2018 मध्ये दिसले, तो पूर्व चीनमधून येत असल्याचे पुढच्या वर्षी कळले आणि नंतर ते प्रमाण उतरले. अंटार्क्टिकावरचा ओझोन साधारण 2066 पर्यंत 1980 च्या पातळीला येईल, असा संयुक्त राष्ट्रांच्या पाठिंब्याने झालेल्या ताज्या मूल्यमापनाचा अंदाज आहे. अण्णांनी सोडलेल्या गॅसचा बराचसा भाग तोपर्यंतही हवेत असेल.

राहिले आहे ते गच्चीवरचे काम. आमच्या जुन्या एसीत आर-22 होता. ओझोनला त्याचा उपद्रव आर-12 च्या सुमारे अठराव्या हिश्शाएवढा आहे, आणि विकसनशील देशांनी 2030 पर्यंत तो जवळजवळ संपवायचा आहे. नव्या एसींतला आर-32 क्लोरीनविरहित आहे. अण्णांच्या टॉर्चला तो दिसलाच नसता. त्याचा तापमानवाढीशी संबंध आहे आणि त्यासाठी माँट्रियल करारातच 2016 मध्ये झालेली किगाली दुरुस्ती आहे, पण तो वेगळा विषय झाला. माझी तळमळ जुन्या यंत्रांसाठी आहे, कारण उन्हाळ्यात गळती न शोधता नुसता गॅस भरून दिला जातो आणि तोच गॅस पुढच्या उन्हाळ्यापर्यंत निसटून गेलेला असतो.

यावर एक उपाय असा आहे, ज्याला वेगळे यंत्रही लागत नाही, आणि तो मी त्या दिवशी कारीगराला आग्रहाने करायला लावला. चालू एसीच्या बाहेरच्या युनिटवर बारीक पाइपचा व्हॉल्व्ह ॲलन की लावून आधी बंद करायचा, गेजचा काटा शून्याजवळ येईपर्यंत कॉम्प्रेसर चालू ठेवायचा, मग जाड पाइपचा व्हॉल्व्ह बंद करून लगेच वीज तोडायची. सगळा गॅस बाहेरच्या युनिटमध्ये कोंडला जातो. याला पंप डाउन म्हणतात आणि त्याला काही मिनिटे पुरतात. भाच्याने गेजकडे बघत काटा उतरताना मोठ्याने आकडे वाचले. पाइप सोडवले तेव्हा नावापुरताच आवाज झाला.

दुसऱ्या दिवशी भंगारवाला आला. त्याला तांबे हवे होते आणि तो पाइप तिथेच कापणार होता, म्हणून मी युनिट दिले नाही. जुन्या उपकरणांची जबाबदारी उत्पादकांवर टाकणारे ई-कचऱ्याचे नवे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत आणि त्यांत एसीचा समावेश आहे, म्हणून मी दोन ठिकाणी फोन केले. यंत्र उचलून न्यायला दोघेही तयार होते, पण आतला गॅस कोण काढून घेणार, यावर दोन्हीकडून उत्तर आले नाही. सुमारे एक किलो आर-22 असलेले ते युनिट अजून आमच्या गच्चीवर सावलीत ठेवलेले आहे, आणि हे लिहून झाल्यावर मी तिसऱ्या ठिकाणी फोन करणार आहे.