एकच मॉडेल, एकच रंग, पण स्क्रीन दोन तऱ्हेच्या : माझा अनुभव

संत्र्याचा सौदा आता निम्मा व्हॉट्सअ‍ॅपवरच होतो. व्यापारी म्हणतो भाऊ आधी फोटो टाका, कलर किती आला ते पाहू, मग गाडी घेऊन येतो. आमचा बगीचा अमरावती जिल्ह्यातल्या वरूड तालुक्यात, आंबिया बहार म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा, अन् मी आणि लहान भावानं दिवाळीच्या आधी एकाच मॉडेलचे दोन फोन घेतले, रॅम तीच, मेमरी तीच, मागचा रंगसुद्धा तोच, फक्त त्यानं ऑनलाईन मागवला आणि मी तालुक्याच्या दुकानातून घेतला. तर एकाच झाडाचा एकच फोटो, माझ्या फोनवर फळ पिवळं-नारिंगी दिसून राहिलं अन् त्याच्या फोनवर हिरवट. मी म्हणतो तोडा सुरू करू, तो म्हणतो, "दादा, थांबा लागते अजून, कच्चं आहे ते." बाबा बाजूलेच खाटेवर होते, ते म्हणाले, "झाडापाशी जाऊन पाहा ना बे, फोनात काय पाहून राहिले." बरोबरच होतं त्यांचं, पण तोवर माझं डोकं त्या स्क्रीनमध्ये अडकलं होतं.

दोन्ही फोन बाजूबाजूला ठेवले, पांढरं पान उघडलं, तर माझं पान जुन्या वहीसारखं पिवळसर आणि त्याचं निळसर. मग पहिले सेटिंग सारख्या केल्या, कारण निम्मी भानगड तिथंच असते. रात्रीचा मोड म्हणजे ते निळा प्रकाश कमी करणारं बंद केलं, उजेड पाहून आपोआप रंग बदलणारं जे असते ते बंद केलं, ऑटो ब्राइटनेस बंद, डार्क मोड बंद, बॅटरी सेव्हर बंद. कलर मोड पाहिला तर त्याचा व्हिव्हिडवर म्हणजे भडक रंगावर होता आणि माझा नॅचरलवर, दोन्ही नॅचरलवर आणले. आणि महत्त्वाचं म्हणजे माझ्या फोनचा दुकानदारानं लावून दिलेला स्क्रीनगार्ड काढला. हे कोणी सांगत नाही पण स्वस्तातला गार्ड, त्यातही डोळ्याला त्रास होत नाही म्हणून विकतात तो, स्वतःच थोडा पिवळा असतो. पांढऱ्या कागदावर ठेवून पाहा, लगेच कळते.

इतकं केल्यावर फरक बराच कमी झाला पण गेला नाही.

मग वाचायला लागलो रात्री. दोघांचे फोन ओएलईडी स्क्रीनचे आहेत, म्हणजे मागून एक मोठा दिवा नाही, प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो, आणि त्या ठिपक्यात लाल, हिरवा, निळा असे बारके भाग. हे थर निर्वात यंत्रात वाफ करून बारीक जाळीतून बसवतात, तो थर कणभर जाड-पातळ झाला की रंग सरकतो. जुन्या एलसीडी फोनमध्येही फरक असायचाच, तिथं मागचा एलईडी निळा असतो आणि त्यावर पिवळा फॉस्फर म्हणजे प्रकाश पडला की चमकणारा पदार्थ लावून पांढरा करतात, तो फॉस्फर कमीजास्त झाला की सगळी स्क्रीन पिवळी नाहीतर निळी. त्यात एकाच मॉडेलला स्क्रीन पुरवणाऱ्या कंपन्या एकापेक्षा जास्त असू शकतात. अ‍ॅपलच घ्या, त्यांच्या आयफोनला ओएलईडी पॅनल, म्हणजे स्क्रीनचा तो पेटणारा भाग, सॅमसंग डिस्प्ले देते, एलजी डिस्प्ले देते आणि चीनची बीओई पण देते. म्हणून डब्यावरचं नाव एक असलं तरी आतला माल एकाच ठिकाणचा असेल असं नाही. फॅक्टरीत प्रत्येक पॅनल मापून जुळवतात पण जुळवायलाही एक मर्यादा ठेवलेली असते, त्या मर्यादेत आलं की पास.

हा काही आजचा रोग नाही. २०१० मध्ये आयफोन ४ आला तेव्हा काही लोकांच्या स्क्रीनवर पिवळे डाग होते, काचेचा गोंद पूर्ण वाळला नाही म्हणून असं होते अशी तेव्हा चर्चा होती. २०१७ मध्ये गुगलच्या पिक्सेल २ एक्सएलची स्क्रीन जरा तिरपी केली की निळी दिसायची, रंग फिके वाटायचे, काहींच्या स्क्रीनवर जुन्या चित्राची छाप राहून जायची म्हणून इतकी बोंब झाली की गुगलनं त्या मालिकेची वॉरंटी २ वर्षांची केली आणि अपडेटमध्ये रंग भडक दाखवणारा एक मोड टाकून दिला. म्हणजे मोठ्यामोठ्यांच्या घरी पण हेच.

आता दोनातला चूक कोणता हा प्रश्न. माणसाला निळसर पांढरं जास्त स्वच्छ वाटते, कपड्याला नीळ देतातच ना, म्हणून लहान्या छाती फुगवून म्हणे माझा ओरिजिनल अन् तुया डुप्लिकेट. स्क्रीनचा पांढरा कसा असावा याचं एक ठरलेलं माप आहे, डी६५ म्हणतात, साधारण ६५०० केल्विन. घरी यंत्र नाही पण एलईडी बल्बच्या डब्यावर ६५००के लिहिलेलं असते, तो बल्ब लावला, खोलीतले बाकी दिवे बंद केले, कोरा कागद ठेवला आणि दोन्ही फोन त्याच्या बाजूला. डोळ्याला सवय व्हायला थोडा वेळ दिला. हे काही प्रयोगशाळेचं काम नाही, बल्बही कुठं शंभर टक्के खरा असतो, पण अंदाज येतो. माझा फोन कागदापेक्षा किंचित पिवळा होता, त्याचा मात्र ठसठशीत निळा. लहान्या मग काही बोलला नाही, "बल्बच खराब आहे" इतकंच म्हणून गेला.

मी पण इथंच सोडून दिलं असतं. पण त्या आठवड्यात आम्हाला रात्रीची लाईन होती, म्हणजे मोटरपंपाला करंट रात्रीच, आणि ओलिताला गेलो की मी फोनचा ब्राइटनेस एकदम खाली ठेवतो नाहीतर डोळ्यापुढं अंधारी येते अन् पाय कुठं पडतो ते दिसत नाही. बांधावर बसून काहीतरी वाचून राहिलो होतो, मागं राखाडी पान, तर खालच्या बाजूनं बोटभर रुंद पट्टा हिरवट. वरचं पान नीट, खालचं हिरवट, मधे सरळ रेघ नाही, विरत गेलेलं. ब्राइटनेस वाढवला की गायब. परत कमी केला की परत हजर. फोन उलटा धरला, पान फिरलं पण पट्टा चार्जिंगच्या भोकाकडंच राहिला, म्हणजे अ‍ॅपचा दोष नाही, पॅनलचाच.

ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि कंपनीशी बोलताना हे वेगळं ठेवलं नाही तर ते तुम्हाला गोल फिरवतात. पूर्ण स्क्रीन जराशी पिवळी किंवा निळी असणं हे बहुतेक वेळा त्यांच्या मर्यादेत बसते, त्यावर भांडून वेळ जातो. पण एकाच स्क्रीनवर एका जागी एक रंग आणि दुसऱ्या जागी दुसरा, हा दोष आहे. कमी उजेडात हे जास्त दिसते कारण ठिपक्याला करंट अगदी बारीक जातो आणि त्याला चालवणाऱ्या ट्रान्झिस्टरमधला, म्हणजे करंट कमीजास्त करणाऱ्या बारक्या भागातला, थोडासा फरक पण मग डोळ्यात भरतो.

दुकानात गेलो. दुकानदार भला माणूस, ओळखीचा, पण तो भर दुपारी काउंटरवर फोन पाहतो अन् म्हणतो, "भाऊ, पीस एकदम ओके आहे, तुमचे डोळे दाखवा एकदा डॉक्टरले." ऑनलाईनवाल्याला निदान काही दिवसांची बदलून घ्यायची मुदत तरी असते, दुकानातून घेतला की एकदा सील फोडलं का सर्व्हिस सेंटर दाखवतात. मग कस्टमर केअरला फोन लावला. तिकडची बाई एकदम गोड बोलणारी, म्हणाली सर स्क्रीनशॉट पाठवा. आता स्क्रीनशॉटमध्ये पॅनलचा रंग कसा येईल, तो तर फोनच्या आतला फोटो आहे, माझा स्क्रीनशॉट तिच्या स्क्रीनवर तिच्या रंगाचा दिसणार. समजावून सांगितलं, ती म्हणाली बरोबर आहे सर, पण सिस्टीममध्ये स्क्रीनशॉट कंपल्सरी आहे. टाकून दिला मग एक, पांढऱ्या पानाचा.

फोटो काढणं पण सोपं नाही. साध्या मोडवर कॅमेरा स्वतःच रंग सुधारून टाकतो, पिवळं दिसलं की तो त्यात निळं मिसळतो, सगळा पुरावाच साफ. बायकोचा फोन घेतला, प्रो मोडमध्ये व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं कसं दिसावं ते ठरवणारी सेटिंग, एका जागी लॉक केला, दोन्ही फोन एकाच फ्रेममध्ये ठेवले. तरी फोटोत काळे काळे पट्टे यायला लागले, कारण कमी ब्राइटनेसवर स्क्रीन भराभर चालू-बंद होत असते, आपल्याला दिसत नाही पण कॅमेऱ्याला दिसते. शटर सावकाश केलं तेव्हा गेले. बायको म्हणाली, "कायले रात्रभर त्या फोनचे फोटो काढून राहिले तुमी, पोरीचा वाढदिवस होता तं एक फोटो धड नाही काढला." तो वेगळा विषय आहे.

सर्व्हिस सेंटर अमरावतीला. मोर्शीवरून एसटीनं गेलो, दोन्ही फोन घेऊन, डेटाचा बॅकअप घेऊन. पहिल्या वेळी तिथल्या पोरानं सॉफ्टवेअर अपडेट केलं, फॅक्टरी रिसेट केलं, आणि म्हणाला, "सर, हे टॉलरन्समध्येच आहे." म्हणजे त्यांच्या त्या मर्यादेतच. जॉबशीटवर, म्हणजे दुरुस्तीच्या कागदावर, लिहिलं 'नो इश्यू फाउंड'. मी म्हटलं, तुमच्या इथं डोक्यावर सहा ट्यूब जळून राहिल्या, यात कसं दिसन. दिवा बंद करा म्हटलं तर ते त्याच्या हातात नव्हतं. घरी आलो तर पट्टा जिथल्या तिथं.

मग १९१५ वर फोन केला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन आहे ती, मराठीत बोलता येते, बिल क्रमांक, आयएमईआय म्हणजे फोनचा स्वतःचा नंबर, जॉबशीट विचारतात आणि तक्रारीचा नंबर देतात. हेल्पलाईन काही कोर्ट नाही, ती कंपनीकडं तक्रार पोहोचवते अन् उत्तर मागते, पण कंपनीकडून उत्तर मागितलं जाते हेच पुष्कळ झालं. मला हे पण कळलं की २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आपण जिथं राहतो तिथल्या जिल्हा आयोगात केस टाकता येते, कंपनीचं ऑफिस कुठं का असेना, आणि ५ लाखापर्यंतच्या वस्तूला फी लागत नाही. तिथवर जायची गरज पडली नाही. कंपनीतून फोन आला, आवाज एकदम बदललेला, सर तुम्ही परत सेंटरला या, सिनियर इंजिनिअर पाहतील.

ह्या वेळी मी संत्र्याचा पुठ्ठ्याचा खोका घेऊन गेलो. एसटीत कंडक्टरनं विचारलं संत्रे कुठं आहेत, म्हटलं घरीच राहिले. खोक्याच्या एका बाजूला डोळ्याएवढं भोक पाडलं होतं, बाकी फटींना चिकटपट्टी. सेंटरमध्ये फोनवर गडद राखाडी चित्र लावलं, ब्राइटनेस तळाला, फोन खोक्यात ठेवला, वरून दुपट्टा टाकला आणि म्हटलं साहेब पाहा. ते वाकले, भोकाला डोळा लावला, काही बोलले नाही. मग भावाचा फोन त्याच चित्रावर ठेवला, परत पाहिलं. मग त्या पहिल्या पोराला बोलावलं अन् त्याला पण दाखवलं. बाजूला बसलेल्या एका काकांनी पण रांग लावली की मला पण पाहू द्या. इंजिनिअर म्हणाले, "हे खालचं नाही चालत, पॅनल बदलून देतो, पण तुमचा तो पिवळेपणा म्हणाल तं नवीन पॅनलचा कसा निघेल ते मी नाही सांगू शकत." मला हे बोलणं आवडलं, सरळ होतं. एकाच झाडाची फळं सारखी निघत नाहीत तर इथं मी कशाला हट्ट धरू.

जॉबशीटवर मात्र मी स्वतः उभं राहून लिहून घेतलं, 'कमी ब्राइटनेसवर खालच्या भागात हिरवट पट्टा', नुसतं 'डिस्प्ले प्रॉब्लेम' नाही. नुसतं तसं लिहिलं की पॅनल येईपर्यंत कोणी दुसराच माणूस काउंटरवर असतो आणि परत पहिल्यापासून सुरू. पॅनल वॉरंटीत बदलून मिळालं, पैसे लागले नाही.

नवीन पॅनलवर पट्टा नाही. किंचित गुलाबीकडं झुकते, पण कलर सेटिंगमध्ये थंड-गरम असा जो स्लायडर असतो आणि त्याच्या खाली लाल-हिरवा-निळा वेगळा, त्यात लाल जरासा कमी केला तर पांढरं पांढरं दिसते. भावाचा निळा पण तसाच स्लायडर थोडा गरम बाजूला ढकलून जाग्यावर आणला, आता दोघांचे फोटो सारखेच दिसतात, म्हणजे भांडण होणार नाही इतपत. व्यापाऱ्याच्या फोनवर काय दिसते ते त्याचं त्यालाच माहीत, स्क्रीनचा रंग काही फोटोसोबत जात नाही. हां, पिवळ्या स्क्रीनवर पाहून तुम्ही फोटो एडिट करून निळा केला तर तो निळा मात्र जातो, म्हणून फोटोला हात न लावता पाठवायचा, शेजारी एक पांढरा कागद ठेवून.

आणि एक राहिलं, ज्यांच्या फोनमध्ये बोटाचा सेन्सर स्क्रीनच्या आत असतो त्यांनी पॅनल बदलल्यावर काउंटर सोडायच्या आधी बोट लावून पाहा. माझं उघडतच नव्हतं, सेन्सर नवीन काचेशी परत कॅलिब्रेट करावा म्हणजे जुळवून घ्यावा लागतो आणि माझ्या फोनचं ते काम सेंटरमध्येच झालं. मोर्शीच्या बसमध्ये बसल्यावर कळलं असतं तर परत एक चक्कर.