सदूची सोय

भाचीने तिच्या सहलीचा तक्ता पाठवला तो नेमका दुपारच्या जेवणानंतर. उघडला आणि वामकुक्षी गेली. ती कॅलिफोर्नियात सॅन होजेला असते. तक्त्यात नवऱ्याचा रकाना नाही, मुलाचा नाही. बिस्किटचा मात्र आहे. बिस्किट म्हणजे त्यांची कुत्री. कुठल्या हॉटेलात तिचे वेगळे पैसे पडतात, कुठल्या वाइनरीच्या अंगणात तिला बसता येतं, पाण्याचं भांडं कुठे ठेवलेलं असतं, सगळं रंगीत चौकोनांत. रस्ता 128 नंबरचा. आधी बूनव्हिल, मग अँडरसन व्हॅलीतले पिनो न्वार या वाइनच्या द्राक्षांचे मळे, मग अचानक दोन्ही बाजूंनी रेडवूडची झाडं अंगावर येतात आणि ती संपतात तिथे थेट पॅसिफिक. उन्हाळ्यात तिकडे पाऊस जवळजवळ नसतोच. समुद्रावरून धुकं येतं, झाडांच्या पानांवर अडतं आणि थेंब थेंब मुळांशी गळतं, त्यावर ही झाडं उन्हाळा काढतात. एवढ्या सगळ्या काव्यापुढे भाचीने कंसात लिहिलं होतं: बिस्किट पार्किंगपर्यंतच, आपण आळीपाळीने आत जाऊ. तिथल्या सरकारी उद्यानांत बहुतेक पायवाटांवर कुत्र्यांना बंदी आहे.

माझ्या पायाशी सदू झोपला होता. सदू म्हणजे आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या फाटकापाशी सापडलेला गावठी कुत्रा, एक डोळा कायम अर्धा उघडा. मी त्याच्याकडे पाहिलं आणि कालनिर्णयाचं गेल्या महिन्याचं पान... नाही, कालनिर्णयाची मागची बाजू लेखांनी भरलेली असते. सदूच्याही सहलीचा बेत आखायला एक पाठकोरा कागद शोधला. समुद्र आपल्याला आहे. जंगल आहे. द्राक्षं तर नाशिकभर आहेत. आपलं काय अडलंय?

पाठकोऱ्या कागदावर बेत आखायची सवय बाबांची. रविवारी दुपारी चाळीच्या गॅलरीत रेल्वेचं वेळापत्रक मांडीवर घेऊन ते बसायचे. कन्याकुमारीला जायचं तर मद्रासला गाडी किती वाजता पोचते, पुढची गाडी मिळेपर्यंत आंघोळ उरकता येईल का, कुठल्या स्टेशनावर पहाटेचा चहा. सगळं सुवाच्य अक्षरात. मग कागदाची घडी घालून वेळापत्रकात ठेवायची आणि म्हणायचं, "झालं एकदाचं." प्रत्यक्षात आम्ही दर मे महिन्यात आजोळी जायचो, गुहागरकडे. एसटीने दाभोळ आणि तिथून खाडी ओलांडून धोपावे. तेव्हा गाड्या चढवणारी फेरीबोट नव्हती, लाँच होती. त्या लाँचवर एक पिवळट कुत्रा असायचा, कान फाटलेला. सकाळी धोपाव्याला माणसांबरोबर चढायचा, दाभोळला मासळीच्या वासावर उतरायचा आणि दुपारच्या लाँचने परत. कोणाचाच नव्हता. पहिल्यांदा पाहिला तेव्हा बाबांनी तिकीटवाल्याला विचारलं, "याचं तिकीट?" तो म्हणाला, "पास आहे त्याचा." बाबा दिवसभर हसत होते. आजोळच्या ओटीवर प्रत्येक येणाऱ्या-जाणाऱ्याला त्यांनी ते सांगितलं. आजोबांना त्यात हसण्यासारखं काय आहे ते शेवटपर्यंत कळलं नाही.

असो. तर जंगल. मुंबईहून जवळ आणि समुद्राला लागून म्हणजे फणसाड, मुरुडच्या अलीकडे. जंजिऱ्याच्या नवाबाचं हे शिकारीचं रान, 1986 साली अभयारण्य झालं. शेकरू आहे, बिबट्या आहे. आणि अर्थात कुत्र्याला मज्जाव. रास्तच आहे. कुत्र्याच्या वासाने जनावरं बुजतात, कुत्र्यांचे रोग रानात शिरले तर आवरत नाहीत. नवाबाच्या काळात याच रानात शिकारी कुत्रे मोकळे सुटत असतील आणि आज आमच्या सदूला दारातून परत, एवढंच जरा मनाला लागलं. फणसाडवर काट मारून काशीदचं सुरूचं बन लिहिलं. 3 जून 2020ला निसर्ग वादळ आलं तेव्हा त्या किनाऱ्यावर सुरू, नारळ, सुपारी धडाधड आडवी झाली होती. आता पुन्हा सावली धरतेय. खाली सुरूच्या काड्यांची गादी असते, पंजाला मऊ. देवराईही लिहिली. देवराईत कोकणात कुत्र्याला कोणी अडवत नाही, फक्त चपला काढाव्या लागतात. सदूची ती अडचण नाही.

मग फोन. या बेतातला सर्वांत रंगतदार भाग हाच, आणि भाचीच्या तक्त्यात नेमका तोच नाही, कारण तिकडे सगळं टिचकीवर कळतं. मी कोकणातल्या घरगुती सोयवाल्यांना एकेक फोन लावला. दिवेआगरच्या काकू म्हणाल्या, "आणा की. पण आमच्या मांजरीला चालणार नाही, ती रुसते." मुरुडच्या गृहस्थांनी विचारलं, "जातीचा आहे का?" म्हटलं, गावठी. "मग कशाला एवढ्या लांबून आणता, इथे भरपूर आहेत." श्रीवर्धनच्या एका आजींचा प्रश्न एकच: "शाकाहारी आहे ना?" मी सदूकडे पाहिलं. काल रात्रीच त्याने बांगड्याचं डोकं फस्त केलं होतं. "जमवून घेईल," म्हटलं. आजी म्हणाल्या, "मग स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर."

आई हे सगळं ऐकत होती. तिने भिंतीवरच्या दत्ताच्या तसबिरीकडे हात केला. "हे बघ. काशीला आंघोळ, कोल्हापूरला भिक्षा, निजायला माहूर. रोज. आणि बरोबर चार-चार. कोणाला फोन केले होते?"

रस्ता तसा सोपा वाटला. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो पकडायची. 2020 पासून ती गाडीसकट मांडव्याला नेते, तासाभरात. सदूला गाडी लागते, ऐरोली ओलांडायच्या आत लागते, त्यामुळे जेवढा रस्ता पाण्यावरून जाईल तेवढा बरा. बोट लागते की नाही ते तो आणि समुद्र बघून घेतील. पुढे आगरदांड्याहून दिघीला पुन्हा जंगलजेटी, म्हणजे गाड्या चढवणारी फेरीबोट. मग परत फिरायचं आणि नाशिक. इथे कागदावर एक चमत्कारिक गोष्ट दिसली. अलिबागहून नाशिकला जायचं तर पनवेल, कल्याण, कसारा घाट. म्हणजे सहलीच्या बरोब्बर मध्यावर आमचं घर, अर्ध्या तासाच्या वाकडीवर. आई म्हणाली, "मग मधे जेवायलाच या. कपडेही धुऊन होतील." कॅलिफोर्नियात असं होत नसावं.

नाशिक. 2001 साली राज्याने द्राक्षप्रक्रियेचं धोरण आणलं आणि पुढच्या काही वर्षांत गंगापूर धरणाच्या आजूबाजूला, दिंडोरीकडे वाइनरी उभ्या राहिल्या. जिथे पूर्वी माणसं पापं धुवायला जायची तिथे आता शनिवार-रविवार मुंबईच्या गाड्यांची रांग लागते. त्या वाटेने त्र्यंबकलाही जाता येतं, हे आईला सांगायचं ठरवलं. आईच्या लेखी वाईन म्हणजे द्राक्षासव. ती जेवणानंतर दोन चमचे घेते आणि दुसऱ्यांच्या व्यसनांवर बोलते.

पण खरी मेख मळ्यातच आहे. द्राक्षं कुत्र्याला विष. किडन्या जातात. बेदाणे तर त्याहून वाईट, कारण तीच द्राक्षं आटवलेली. बराच काळ कारणच कळत नव्हतं; एखादा कुत्रा घोसभर खाऊन शेपूट हलवत फिरायचा आणि दुसरा चार मण्यांत आडवा. आता संशय टार्टारिक आम्लावर आहे. त्याचं प्रमाण द्राक्षागणिक बदलतं, म्हणून हा लहरीपणा. चिंचेतही तेच आम्ल असतं, तेव्हा चिंचही बाद. हे डॉक्टरांनी सांगितलं त्या दिवशी घरात सुतक पडल्यासारखं झालं होतं, कारण सत्यनारायणाच्या शिऱ्यातले बेदाणे वेचून सदूला भरवायचा आईचा जुना परिपाठ. "प्रसाद कधी बाधत नाही," ती म्हणाली. म्हणाली खरी, पण तेव्हापासून आमच्या शिऱ्यात बेदाणाच नसतो.

म्हणजे वाईनच्या मुलखात सदूला न्यायचं तर दोरी आखूड धरून, नाक वर करून. शिवाय संध्याकाळनंतर अंगणातही सोडायचं नाही. नाशिककडच्या उसात आणि मळ्यांत बिबट्या सर्रास फिरतो आणि कुत्रा त्याचं आवडतं खाणं. एकीकडे पायाखाली विष, दुसरीकडे कुंपणापलीकडे बिबट्या. मी पेन खाली ठेवलं.

आणि मग छाटणी आठवली. द्राक्षाची वेल वर्षातून दोनदा छाटतात. एप्रिलच्या सुमाराला खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमाराला गोडी छाटणी. गोडी छाटणी झाली की नवी फूट येते, तयार घड धरायला पुढे जानेवारी-फेब्रुवारी उजाडतात. म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात मळ्यात गेलं तर सदूच्या तोंडाला लागेल असं वेलीवर फारसं काही नाहीच. आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे दिवाळी!

दिवाळीत मुंबईत कुत्रा असणं काय असतं ते ज्याच्याकडे आहे त्यालाच ठाऊक. पहिला बॉम्ब वाजला की सदू पलंगाखाली. दुसऱ्याला न्हाणीघरात. लक्ष्मीपूजनाच्या रात्री तो खात नाही, पीत नाही, खाली उतरत नाही, आणि थरथर थांबत नाही. कॅलिफोर्नियातल्या बिस्किटसाठी असेल ती मौज, आमच्याकडे खरं तर सहल काढायची ती याचसाठी. जिथे माळेचा आवाज येणार नाही असं एखादं सुरूचं बन, एखादा उघडाबोडका मळा. मी कागदावर मोठ्या अक्षरात दिवाळी लिहिलं, खाली दोन रेघा ओढल्या आणि आईला बोलावलं.

तिने चष्मा लावून सगळं वाचलं. देवराईपाशी थांबली, त्र्यंबकपाशी थांबली.

"लक्ष्मीपूजनाला घराला कुलूप?" ती म्हणाली. "ते काही व्हायचं नाही. आणि याला तुमच्या गाडीत ओकाऱ्या. दरवर्षी न्हाणीघरात पाट टाकून बसतोच आहोत की आम्ही दोघं रेडिओ लावून. तुम्ही जा. येताना ते द्राक्षासव आणा, सर्दीला बरं."