रताळ्याचे गोड काप, पाण्याचा थेंब न घालता

महाशिवरात्र आली की बेळगावच्या मार्केटात रताळ्यांचे ढीग लागतात. उचगाव, बेळगुंदी, बेकिनकेरे ह्या पश्चिम भागातल्या तांबड्या मातीतली रताळी ट्रक भरभरून परराज्यात जातात, खरं आपल्या घरात काय, तर कुकरला लावायची, सोलायची, दुधात कुस्करायची, झाला उपवास! मला नाही पटत.

आमच्या आत्ती म्हणतात, "पाण्यात घातलंस की पचपचीत होतंय बघ रताळं." आणि हे नुसतं जुन्या बायकांचं म्हणणं नाही, रताळ्यातल्या पिठूळ भागाची साखर करणारं एन्झाइम रताळ्यातच असतं आणि ते साधारण ६० ते ७५ डिग्रीला जोरात काम करतं, मग कुकरात भसकन तापलं की त्याला वेळच मिळत नाही. मंद आचेवर ठेवलं की रताळं आपलं आपणच गोड होतं आणि गूळ कमी लागतो.

तर अर्धा किलो रताळी घ्या, माती नीट घासून धुवा, साल काढू नका, अर्ध्या इंचाचे गोल काप करा. जाड बुडाच्या कढईत दोन मोठे चमचे तूप, त्यात काप पसरायचे, चिमूटभर मीठ, आणि वर खोलगट झाकण ठेवून त्या झाकणात पाणी ओतायचं. वाफ आतल्या आत फिरते आणि काप स्वतःच्याच रसात शिजतात. गॅस एकदम बारीक. सुरी सहज आत गेली की मगच शंभरेक ग्रॅम चिरलेला गूळ, आधी घातला तर काप कडक राहतात. गूळ विरघळला की झाकण काढा, चमच्याने ढवळत बसू नका हं, कढई धरून हलवा. पाक कापांना चिकटायला लागला, कडा जरा तांबूस झाल्या की वेलची आणि ओलं खोबरं घालून बंद.

आता पौष्टिकपणाचं. १०० ग्रॅम रताळ्यात साधारण ८६ कॅलरी, ३ ग्रॅम फायबर, शिवाय पोटॅशियम चांगलं, म्हणून उपवासाला साबुदाण्यापेक्षा मी हेच करते. पण "रताळ्यात भरपूर व्हिटॅमिन ए" म्हणून जे फॉरवर्ड फिरतात ते केशरी गराच्या रताळ्याचं असतं, तिरुवनंतपुरमच्या कंदपिकांच्या संशोधन संस्थेची 'भू सोना' जात तसली आहे. आपल्याकडे बहुतेक पांढऱ्या गराची मिळतात, त्यात ते फार नसतं. केशरी मिळाली तर तूप हवंच, त्याशिवाय ते नीट अंगी लागत नाही. आणि शुगरवाल्यांनी गूळ आहे म्हणून बिनधास्त खाऊ नये, गूळ पण साखरच की!

उरलेच काप (आमच्यात उरत नाहीत) तर दुसऱ्या दिवशी कुस्करून खीर करा, फक्त दूध आधी उकळून कोमट होऊ द्या आणि मग मिसळा, गरम दुधात गूळ पडला की फाटतं.